मधल्या बेअरिंगची कॅप

१

गुरुवारी सकाळी गॅरेजचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि फळीवर बघतो तर कॅपा चारच. पाचवी गायब. पाचवी म्हणजे मधल्या बेअरिंगची, जी मी आदल्याच दिवशी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून बाकीच्यांपासून वेगळी ठेवली होती. फडकंही नव्हतं.

आधी मला माझ्याच डोळ्यांचा संशय आला. फळीखाली वाकून बघितलं, जुन्या झिगुली गाडीच्या सांगाड्यात हात घालून बघितलं, जुन्या टायरांत बघितलं, चहाच्या किटलीतसुद्धा बघितलं. किटलीत कॅप कशी जाईल, असं मला विचारू नका. माणूस भांबावला की किटलीचंही झाकण उघडतो.

ज्यांनी कधी इंजिन खोललं नाही त्यांना वाटेल, एवढंसं लोखंड, दुसरं आणा. तिथंच तर सगळी गोम आहे. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, ब्लॉकमध्ये बसतो आणि त्याला पाच कॅपा धरून ठेवतात. कारखान्यात त्या ब्लॉकला आवळूनच आरपार भोक पाडतात, म्हणून ज्या ब्लॉकच्या त्या त्याच ब्लॉकच्या. दुसऱ्याची आणून बसवली तर क्रँक जाम होतो. म्हणजे आमची कॅप जगात दुसऱ्या कुणाच्याही उपयोगाची नव्हती, आणि तिच्यावाचून आमचा ब्लॉक भंगार होता. अशी वस्तू कोण चोरतं?

आमचा म्हणजे माझा आणि गेन्रिखचा. मी तुर्दुबेक, उभा जन्म किर्गीझ मुलखातल्या तोकमोक गावात पावाची गाडी चालवली. गेन्रिख पेन्नर लेथवरचा माणूस, जातीचा जर्मन, पण माझ्याइतकंच अस्सल किर्गीझ शिव्या देणारा. शाळेपासूनची दोस्ती. वसंतात आम्ही एका खेड्यातून हे इंजिन एका मेंढीच्या भावात उचललं. विकणारा म्हणाला होता, मेंढी घेतली असती तर निदान खाल्ली तरी असती. उन्हाळाभर दोघं त्यावर वाकलो होतो. रिंगा इथून, बेअरिंगा तिथून, क्रँक कुणाच्या तरी परसातून, असं गोळा करत आणलं होतं. पैसे कमी आणि वेळ भरपूर, असा म्हाताऱ्यांचा उद्योग.

आता वेळही संपत आला होता. रविवारी दुपारी गेन्रिख कायमचा जर्मनीला निघणार होता, मुलीकडे. क्रँक त्याच्याच हातानं बसायला हवा होता, कारण त्या कॅपा त्यानं पात्यानं खरवडून, बोटानं चाचपून बसत्या केल्या होत्या. शिवाय मला ते इंजिन पुरं करण्यापेक्षा त्याच्यासोबत पुरं करायचं होतं.

फडकं कुठलं, तेही सांगतो. गल्लीतली म्हातारी बात्मा-आपा वारली तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे मातीला आलेल्या सगळ्यांना मिळालं, तसं मलाही मिळालं होतं. गेन्रिखनं आपलं नीट घडी करून आतल्या खिशात ठेवलं. माझं कोटाच्या खिशात तसंच राहिलं, आणि कॅप गुंडाळायला धागे न सुटणारं कापड हवं होतं तेव्हा हाताला लागलं.

कुलूप शाबूत होतं. कडी-कोयंडा शाबूत. या गॅरेजच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात होती आणि दुसरी गेन्रिखकडे.

२

गेन्रिख आला तो नेहमीसारखा शीळ घालत. मी नुसतं फळीकडे बोट दाखवलं. त्यानं चार कॅपा बघितल्या आणि शीळ थांबली. मग तोही फळीखाली वाकला, टायरांत बघू लागला. मला वाटलं, बघण्याचं सोंग करतोय.

का वाटलं, तर आठवड्यापूर्वीचं त्याचं बोलणं. चहा पिता पिता म्हणाला होता, तुर्दुबेक, हे अर्धवटच राहू दे. पुरं झालं तर माझा पाय इथून निघायचा नाही. तेव्हा मी हसलो होतो. आता ते वाक्य डोक्यात घणासारखं पडायला लागलं. ज्याला इंजिन पुरं व्हायला नको त्याच्याकडे किल्ली आहे, आणि ज्या एका तुकड्यावाचून ते पुरं होणार नाही तो तुकडा कुठला हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नव्हती. गाडी चालवताना ब्रेक लागायचा, बोलताना नाही.

"गेन्रिख, कुठं ठेवलीस सांग. मी रागावणार नाही," मी म्हणालो, आणि रागावलेलो होतो हे मलाही ऐकू आलं.

 त्यानं खिशातून किल्ली काढली, कामाच्या टेबलावर ठेवली, पँटला हात पुसले.

"मला न्यायचीच असती तर मागून नेली असती. तुझ्याकडून काय नेलं नाही मी आजवर?" तो म्हणाला. "पेट्या भरायच्या राहिल्यात माझ्या."

आणि गेला. शीळ नाही, काही नाही. मी तिथंच त्या किल्लीकडे बघत उभा राहिलो. तो खरा असेल तर मी आत्ताच आयुष्यभराचा मित्र घालवला होता, आणि खोटा असेल तरी घालवलाच होता.

३

आमच्या गॅरेजांच्या रांगेत टोकाचं गॅरेज बुबूसारा-एजेचं. एजे म्हणजे ताई, आम्ही सगळे तिला तसंच म्हणतो. तिच्याकडे गाडी कधी नव्हतीच. वर रिकामी खोली आणि खाली तळघरात बटाटे, गाजरं, आंबवलेल्या कोबीच्या बरण्या. नोकरीत असताना ती तपास अधिकारी होती. भलेभले चोर तिच्यापुढे आपण होऊन बोलायचे, कारण ती गप्प बसायची आणि समोर सुकी जर्दाळू ठेवायची.

माझ्यापुढेही ठेवली. मी सगळं भडाभडा ओकलो.

"बुधवारी गॅरेज उघडं कधी होतं?" तिनं विचारलं.

दुपारी होतं. गेन्रिख कागदपत्रांसाठी घरी गेला होता आणि मी याच बाईची बटाट्याची पोती तळघरात उतरवत होतो. दार नुसतं लोटलेलं. परत आलो तेव्हा टेबलावर सुनेनं आणून ठेवलेला जेवणाचा डबा होता. जेवलो. संध्याकाळी शेजारच्या गॅरेजातला राखात भंगार न्यायला आला. जुन्या पार्टांचं घमेलं, म्हणजे खराब रिंगा, फुटका पंप, असलं सगळं, दोघांनी उचलून त्याच्या हातगाडीवर टाकलं. मग कुलूप लावून घरी गेलो.

"कुलूप लावताना कॅप होती?"

 बघितलंच नव्हतं. मग किल्लीचा काय संबंध, असं ती म्हणाली नाही. नुसती जर्दाळू पुढे सरकवली. 

तेवढ्यानं माझा संशय गेन्रिखवरून उडाला आणि थेट राखातवर जाऊन बसला. राखात जुने पार्ट विकतो. उन्हाळ्यात त्यानं दोनदा आमचा ब्लॉक मागितला होता आणि आम्ही नाही म्हणालो होतो. कॅप गेली की ब्लॉक भंगार, आणि भंगार घेणारा तोच. मी एजेला घेऊन तडक त्याच्या दारात गेलो.

राखात मटण भरलेला समसा खात बसला होता. माझं बोलणं ऐकून त्याचा घास तसाच राहिला. तो म्हणाला, कॅप गेलेला ब्लॉक मला काय चाटायचाय? मला तो सगळा, पुरा हवा होता. ही गोष्ट खरी होती आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

"तुझ्या गॅरेजातून मी फक्त तू तुझ्या हातानं गाडीवर ठेवलंस तेवढंच नेलं," तो म्हणाला. "मला चोर म्हणतोस? ते बघ तुझं घमेलं. आता त्याला मी हातसुद्धा लावणार नाही. शनिवारी ट्रक आला की ट्रकवाला नेईल."

घमेलं त्याच्या दाराशी पडलं होतं, वर काळं तेल साचलेलं. एजेनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला भलताच प्रश्न विचारला.

"तुर्दुबेक, चार कॅपा उघड्या आणि एक फडक्यात. का रे?"

४

त्याचं उत्तर सोपं होतं. गेन्रिखनं मधली शेवटी खरवडली होती आणि तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मी ती गुंडाळली. यात काय रहस्य, मला कळेना. एजे म्हणाली, उद्या तुझ्या घरी चहाला येते.

शुक्रवारी ती आली ती कोबीची बरणी घेऊन. माझी बायको उल्कान तिला बघून खूश झाली आणि माझ्या तक्रारींचं गाठोडं सोडून बसली. हा माणूस उन्हाळाभर घरात नाही. अंगाला रॉकेलचा वास. सांगितलेलं एक काम करत नाही.

"अहो, मातीला मिळालेला तो जिर्तिश शोधा, शोधा म्हणून महिनाभर घसा कोरडा केला मी," ती म्हणाली. "हे म्हणे, असेल कुठंतरी गॅरेजात. असेल कुठंतरी! देवाघरच्या माणसाची वस्तू ती."

मी म्हणालो, इथं कॅप गेलीय आणि तुला चिंधीचं पडलंय. उल्काननं माझ्याकडे असं बघितलं की मी बशीतल्या तळलेल्या बोरसोकात तोंड घातलं.

सून मेरिम चहा ओतत होती. मुलगा उर्मात डोंगरात खाणीवर पाळीला असतो, महिना-महिना येत नाही, त्यामुळे घरात या दोघीच आणि मी. मेरिम अगदी शांत. सासऱ्यासमोर सुना कमी बोलतात हे खरं, पण अलीकडे ती फारच कमी बोलायची. दोन वर्षांपूर्वी तिचं एक बाळ पोटातच गेलं, मागच्या साली दुसरं. त्यानंतर तिच्याशी काय बोलावं ते मलाही कळेना, म्हणून मी गॅरेजात जाऊन बसायचो. हल्ली ती डबा घेऊन आली तरी नाकाला रुमालाचं टोक लावायची. मला वाटायचं, आमची घाण सहन होत नाही पोरीला.

एजेनं कॅपचा विषयच काढला नाही. हवापाणी विचारलं, बटाटे किती झाले विचारलं, मेरिमपुढे कोबी सरकवला. मेरिमनं तो नुसता खाल्ला नाही, बशी कलती करून त्यातलं आंबट पाणीही प्यायलं. एजे म्हणाली, चल गं, अंगणातले कपडे काढायला तुला मदत करते. पाहुणीनं कपडे काढायचे? मी खिडकीतून बघत राहिलो.

दोरीवर उशीचे अभ्रे होते, माझा सदरा होता, आणि टोकाला एक लहानसा पांढरा कपडा. त्यावर धुऊनही न गेलेला डाग होता, काळसर, अर्ध्या भाकरीसारखा वाकडा. एजेनं तो हातात घेतला. मेरिमनं एकदम दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि माझी ती करारी तपास अधिकारी तिला जवळ घेऊन पाठीवर थोपटत उभी राहिली.

बाहेर आलो तेव्हा दोघी आत गेल्या होत्या. एजे निघताना म्हणाली, उद्या सकाळी गॅरेजात ये. मी विचारलं, सून का रडत होती? ती म्हणाली, उद्या. मला रात्रभर झोप लागली नाही. मेरिमनं चोरी केली असेल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. तिनं कॅपचं करायचं काय?

५

शनिवारी एजे माझ्या गॅरेजात उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, गप्प बस आणि ऐक.

ती म्हणाली, कॅप कुणाच्या कामाची नाही असं तूच सांगितलंस. मग कामासाठी ती कुणी नेली नाही. तुमचं नुकसान करायला नेली म्हणावं, तर चार उघड्या हाताशी असताना गुंडाळलेली सोडवत कोण बसेल? आणि नुसती कॅप हवी असती तर फडकं सोडून ती खिशात घातली असती. पण फडकंही गेलं.

"तुम्ही सगळे लोखंडाच्या मागे लागलात," ती म्हणाली. "गेलं होतं ते फडकं. कॅप फक्त त्याच्या आत होती."



"चिंधी कोण चोरेल?"

"ती चिंधी नाही, बाबा. शंभरीला टेकलेल्या बाईचा जिर्तिश आहे. लोक तो लेकराच्या अंगड्यात शिवतात, लेकराला तिच्याएवढं आयुष्य मिळावं म्हणून. आणि तू त्यात इंजिन गुंडाळलंस. असली चूक आपल्या गावात तूच करू शकतोस."

मी म्हणालो, लेकराच्या अंगड्यात शिवतात हे मला माहीत आहे, पण आमच्या घरात लेकरू कुठं... आणि वाक्य अर्ध्यावर अडकलं. नाकावरचा रुमाल. कोबीचं पाणी. उल्काननं महिनाभर कोरडा केलेला घसा. सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मी किटलीत बघत होतो.

एजेनं हात पुढे केला.

"सुयुंचू," ती म्हणाली.

चांगली बातमी आणणारा आधी बक्षीस मागतो आणि मग बातमी सांगतो, ही आमची रीत. नाही म्हणता येत नाही. मी म्हणालो, काय हवं ते माग. माझा आवाज फाटला होता आणि त्याची मला लाज वाटली नाही.

मग तिनं सांगितलं. पाचवा महिना लागलाय. दोनदा दृष्ट लागली म्हणून या वेळी सासू-सुनेनं कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पुरुषांना तर नाहीच. बुधवारी डबा ठेवताना मेरिमला फळीवर जिर्तिश दिसला. तिनं तो सोडवला, आतला लोखंडाचा तुकडा काढला. कुठं ठेवावा? समोर लोखंडाच्या तुकड्यांनी भरलेलं घमेलं होतं. लोखंडात लोखंड, तिच्या दृष्टीनं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी घरात कॅपचा आरडाओरडा सुरू झाला तेव्हा ती घाबरली. बोलावं तर कापडाचं सांगावं लागेल, कापडाचं सांगावं तर पोटातल्याचं. काल स्वतःच म्हणाली, एजे, आता सासऱ्यांना सांगा, माझ्यामुळे त्यांच्या मित्रावर आळ आलाय.

"घमेलं," मी म्हणालो. घमेलं मी माझ्या हातांनी राखातच्या गाडीवर चढवलं होतं. आणि आज शनिवार होता. बाहेर ट्रकचं इंजिन घरघरत होतं.

म्हातारपणात मी एवढा कधी पळालो नाही. ट्रकवाला घमेल्याच्या एका कानाला धरून उभा होता, दुसरा कान धरायला राखात तयार नव्हता. मी हात लावणार नाही म्हणजे नाही, असं तो म्हणत होता. त्याचा हट्ट माझ्या कामी आला. मी कोपरापर्यंत त्या काळ्या तेलात हात घातला, रिंगा बाजूला सारल्या, आणि तळाशी ती मिळाली. मधली. मी राखातच्या गळ्यात पडलो. त्याचा सदरा खराब झाला तो झालाच.

एजे मागून सावकाश चालत आली.

"आता माझं बक्षीस," ती म्हणाली. "त्या तेलकट हातांनीच गेन्रिखच्या घरी जा."

६

गेन्रिखच्या घरात खुर्च्यासुद्धा उरल्या नव्हत्या. तो एका पेटीवर बसला होता. मी दारातच उभा राहून कॅप पुढे केली आणि सगळं सांगितलं, सुनेचंही सांगितलं. मग म्हणालो, गेन्रिख, मी गाढव आहे. तो म्हणाला, हे शाळेपासून माहीत आहे, यासाठी एवढ्या लांब यायची गरज नव्हती. पण तो हसला नाही, आणि उठलाही नाही. मी कॅप पेटीवर ठेवून परत आलो. 

रविवारी सकाळी मी गॅरेज उघडून बसलो होतो, कशासाठी ते ठाऊक नव्हतं. शीळ आधी ऐकू आली. तो प्रवासाच्या कोटात आला होता. मधली कॅप फळीवर ठेवली, कोट काढून खिळ्याला लावला, बाह्या वर केल्या, आणि आम्ही कामाला लागलो. बेअरिंगा पुसल्या, तेल सोडलं, क्रँक दोघांनी मिळून अलगद ठेवला. कॅपा त्यानं एकेक करून बसवल्या, मधली शेवटी. बोल्ट आवळताना मला पाना दिला नाही. म्हणाला, तू मोडशील. मग एका बोटानं क्रँकला ढकललं, आणि तो भला जड क्रँक आवाज न करता गुळगुळीत फिरला. त्यानं माझं बोट धरून तिथं ठेवलं आणि मलाही फिरवायला लावलं. मला रडू आलं, सरळ सांगतो.

बाहेर त्याला न्यायला जर्मनीहून आलेला जावई गाडी घेऊन उभा होता. मेरिम आमचा डबा घेऊन आली होती, ती दाराशीच थांबली. गेन्रिखनं हात साबणानं धुतले, दोनदा धुतले, कोट घातला आणि आतल्या खिशातून पासपोर्टच्या मागून एक घडी काढली. बात्मा-आपाचा दुसरा तुकडा, पांढरा शुभ्र.

"घे गं पोरी," तो मेरिमला म्हणाला. "याच्यावर ग्रीस नाही."

मेरिमनं तो दोन्ही हातांत घेतला आणि सासऱ्यासमोर असूनही मोठ्यानं रडली. तुला तिकडे नको का, असं मी गेन्रिखला विचारलं. तो म्हणाला, माझं आयुष्य बरंचसं जगून झालंय, उरलेलं मुलगी बघेल.

मग मी टेबलावरून ती दुसरी किल्ली उचलली, गुरुवारपासून तिथंच पडलेली, आणि त्याच्या हातात ठेवली.

"तिकडे हिनं काय उघडू?" त्यानं विचारलं.

"काही नाही. तुझी आहे," मी म्हणालो.

त्यानं किल्ली आतल्या खिशात टाकली, जिथून ते कापड काढलं होतं तिथंच, आणि गाडीत जाऊन बसला.